जलाशयाचा यजमान कोण?

उन्हाळ्यात हिडकलच्या राजा लखमगौडा जलाशयाचे पाणी उतरू लागले, म्हणजे हुन्नूरचे विठ्ठलमंदिर पाण्यातून वर येते. वर्षातील बहुतेक महिने बुडालेले हे देऊळ पाहावयास चिकोडी, निपाणी, संकेश्वर व बेळगाव येथून माणसे जातात. मंदिर उघडे पडल्याची वार्ता पसरली की सुटीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. जाणाऱ्यांत आमच्या देवस्थानांच्या उत्सवांत पुढाकार घेणारी कुटुंबे थोडी नसतात. त्यांना आमचा सरळ प्रश्न आहे : आपण तेथे कोण म्हणून जाता? भक्त म्हणून, पाहुणे म्हणून, की नुसते गिऱ्हाईक म्हणून?

आम्ही सहलीचे वैरी आहोत असा समज कोणी करून घेऊ नये. उघड्यावरचा आनंद आमच्या धर्माने कधीच निषिद्ध मानलेला नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली पंगत बसते ती धर्माच्या नावानेच. सीमेच्या या भागात एळ्ळ अमावास्येला घरचा स्वयंपाक पाट्यांत भरून शेतावर जातो, काळ्या आईला नैवेद्य होतो आणि मग मंडळी बांधावर हसत-खेळत जेवतात. यात्रेला गेलेला भाविक देवदर्शनाइतकाच नदीचा वारा आणि जत्रेचा गोंगाट मनात साठवून परततो. या प्रत्येक आनंदाला मात्र एक यजमान असे. शेतावर शेताचा धनी असे, घाटावर देवस्थान असे. पाहुण्याने काय करावे आणि काय करू नये हे सांगणारे कोणीतरी तेथे होते, आणि ते ऐकण्यात कोणाला कमीपणा वाटत नव्हता.

धरणाच्या काठी असा यजमान उरलेला नाही. तेथे खात्याचा एक फलक असतो, तोही बहुधा गंजलेला. सर्व अनर्थाचे मूळ येथे आहे. जी जागा कोणाचीच नाही असे वाटते, तेथे मनुष्य आपल्या सभ्यतेची रजा घेतो. जो गृहस्थ आपल्या ग्रामदैवताच्या सभामंडपात चप्पल घालून पाऊल टाकणार नाही, तोच हुन्नूरच्या मंदिराच्या ओट्यावर चढून छायाचित्रे काढतो आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तेथेच ठेवून खाली उतरतो. मूर्ती नाही म्हणून देव नाही, आणि देव नाही म्हणून मर्यादाही नाही, असा हा हिशेब आहे.

ही जागा कोणाचीच नाही, हेच मुळी असत्य आहे. घटप्रभेवरील या जलाशयात सुमारे ५१ टीएमसी, म्हणजे ५१०० कोटी घनफूट पाणी मावते. एवढे पाणी आकाशात टांगून ठेवता येत नाही; ते कोणाच्या तरी शेतावर, उंबरठ्यावर आणि तुळशीवृंदावनावर साठते. त्यातून बेळगाव व बागलकोट जिल्ह्यांची शेते भिजतात आणि बेळगाव शहराच्या नळांनाही हे पाणी येते. ज्यांची गावे गेली त्यांनी आपल्या उसाला आणि आपल्या घागरीला पाणी दिले आहे. ज्या तळाला आपण मोकळे मैदान समजतो, तो एका गावाचा गावठाण आहे, आणि त्या गावाचे देऊळ अद्याप उभे आहे.

आमच्या कोकणी वाचकांना कुर्डीचे उदाहरण सांगावयास नकोच. गोव्यात साळावली धरणासाठी सांगे तालुक्यातील हे गाव बुडाले. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर यांचे हे जन्मगाव. तेथील प्राचीन महादेव मंदिराचा दगड न् दगड सोडवून पुरातत्त्व खात्याने ते दुसरीकडे उभारले. सोमेश्वराचे स्थान मात्र पाण्यातच राहिले. मे महिन्यात पाणी ओसरले की विस्थापित कुर्डीकर तेथे परत येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात, आणि कोणाचे घर कोठे होते ते नातवंडांना जोत्यांवरून दाखवितात. बघे तेथेही येतात. परंतु उत्सवाच्या दिवशी त्यांना कळून चुकते की आपण दुसऱ्याच्या अंगणात उभे आहोत. एवढे कळले की वागणे आपोआप सुधारते. हुन्नूरला हवी आहे ती हीच जाणीव.

यावर दोन उत्तरे तयार असतात. पहिले असे की काठावर जाण्यास बंदी घालावी. बंदीने काय होणार? पहारा असेल तेथून माणसे टळतील आणि पहारा नसेल तेथून उतरतील. तेथेच धोका अधिक असतो. धरणाचा काठ हा नदीच्या घाटासारखा पायऱ्यांचा नसतो. गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आत पाय रुतवितो; बुडीत गावांच्या जुन्या विहिरी व पडक्या भिंती पाण्याखाली कोठे आहेत ते नवख्याला दिसत नाही. पोहता न येणारा तरुण मित्रांच्या आग्रहाने, आणि पुष्कळदा मद्याच्या धुंदीत, अशा पाण्यात उतरतो आणि मागे राहतात ते आईबाप. त्याला वाचवील तो काठावर हजर असलेला जाणता मनुष्य, फलक नव्हे.

दुसरे उत्तर पर्यटनविकासाचे. उपाहारगृहे काढा, यांत्रिक होड्या आणा, रोषणाई करा, म्हणजे भाग समृद्ध होईल, असे सांगतात. समृद्धी कोणाची, हा आमचा प्रश्न आहे. ज्याची जमीन पाण्याखाली गेली त्याच्या मुलाने त्याच पाण्यावर परक्या ठेकेदाराच्या होडीत मजुरी करावी, याला विकास म्हणावयाचे असेल तर लूट कशाला म्हणावे? होडी चालवावयाची तर ती त्याच्या मालकीची असो. भाकरी आणि झुणका विकावयाचा तर त्याच्या घरचा असो. पाण्यावर पहिला हक्क त्याचा आहे.

आता आमच्याच माणसांविषयी, कारण दुसऱ्याचे दोष दाखविणे सोपे असते. काठावरील कचऱ्यात मद्याच्या बाटल्या असतात, हे खरे. पण त्यांच्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले निर्माल्य असते, जुन्या तसबिरी असतात, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या न विरघळलेल्या मूर्तींचे हात-पाय असतात. बाटली टाकणारा निदान ते पुण्य समजत नाही. आपण मात्र पाणी बिघडवून वर हात जोडतो. पूजेच्या आरंभी कलशात गंगेपासून कावेरीपर्यंत सात नद्यांना आवाहन करावयाचे आणि गावाजवळच्या घटप्रभेला, दूधगंगेला, वेदगंगेला उकिरडा समजावयाचे, ही कोणती भक्ती? पाण्यात थुंकणेसुद्धा आमच्या धर्मशास्त्राने वर्ज्य ठरविले आहे. त्या शास्त्राचा अभिमान मिरविणाऱ्यांनी ते आधी काठावर पाळावे.

म्हणून आमचे म्हणणे असे की यजमानपद देवस्थानांनी उचलावे. चिकोडी-निपाणी-हुक्केरी भागातील मंदिरांच्या पंचांनी विस्थापित गावकऱ्यांना अग्रस्थानी बसवून पाणी उतरण्याच्या दिवसांत हुन्नूरला आळीपाळीने स्वयंसेवक पाठवावे. चप्पल बाहेर ठेवावयास लावावे, मद्य घेऊन आलेल्यास नम्रपणे परत पाठवावे, आणलेला कचरा ज्याचा त्याने परत न्यावा असा दंडक घालावा, आणि दोर व हवा भरलेल्या ट्यूबा घेऊन पट्टीचे पोहणारे काठावर बसवावेत. निर्माल्यासाठी प्रत्येक देवळाने आपल्या आवारात खड्डा करावा; त्याचे खत देवाच्याच फुलझाडांना घालता येईल. या कामाला मोठा निधी लागत नाही. पालखीसाठी खांदा देणारे हात आमच्याजवळ आहेत. तेच हात येथे लागतील.

सरकारने हे करावे असे म्हणून हात झटकणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारतो : देवळाचे दार सकाळी कोण उघडते, सरकार की पुजारी? हुन्नूरच्या विठ्ठलाला आज पुजारी नाही आणि दारही नाही. त्याच्याकडे जाणारा प्रत्येकजण त्या दिवसापुरता त्याचा सेवेकरी आहे. ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी खुशाल घरी बसावे. पाण्यातल्या देवाला प्रेक्षकांची गरज नाही.