लस दुकानात, रोगी डोंगरात

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातील पहिला बळी पुण्यात गेला. २०१० साली पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटने त्यावर लस आणली. तरी भोर-वेल्ह्याच्या शेतमजुराला ती परकीच आहे. विषाणू रूप पालटतो, म्हणून फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिला स्थान नाही. सबब ती बहुधा औषधाच्या दुकानातून विकत घ्यायची, गोठू न देता थंड जपून न्यायची आणि डॉक्टरकडून टोचून घ्यायची. रोजगार बुडवून, घाट उतरून हे कोणी करावे? गोवराची लस उपकेंद्रात मोफत मिळते, ती मेहेरबानी म्हणून नव्हे. त्याच न्यायाने वृद्ध, गर्भवती स्त्रिया व दमेकरी यांना पावसाळ्यापूर्वी ही लस उपकेंद्रातच मिळाली पाहिजे. कार्यकर्त्यांनी गावोगावच्या ग्रामसभांत तसे ठराव करून घ्यावेत आणि शासनाला उत्तर देण्यास भाग पाडावे.