अॅम्बॅसेडर भारी की फियाट?



'दोन जुन्या मोटारींची तुलना करा' असा विषय दिला की वह्यांत काय येतं, तुम्हाला माहीतच आहे. मोबाईलवरून उतरवलेला तक्ता आणि खाली एक वाक्य, 'म्हणून अॅम्बॅसेडर चांगली.' का? तर तिचं इंजिन १४८९ सीसीचं आणि फियाटचं, म्हणजे प्रीमियर पद्मिनीचं, १०८९ चं. मोठा आकडा जिंकला! खरं सांगते, पहिल्या दोन-तीन वह्यांवर मीही बरोबरची खूण केली होती.

मग पाचवीच्या फळ्यावर आणखी आकडे लिहिले. जुन्या पेट्रोल अॅम्बॅसेडरची ताकद साधारण ५० अश्वशक्ती, वजन ११०० किलोच्या आसपास. पद्मिनीची साधारण ४० अश्वशक्ती, वजन सुमारे ८९५ किलो. करा भागाकार! एका अश्वशक्तीच्या वाट्याला अॅम्बॅसेडरमध्ये २२ किलो, पद्मिनीत २२.४. म्हणजे ४०० सीसी जास्त असून फरक जवळपास शून्य. जास्तीची ताकद गाडीचं स्वतःचंच अंग ओढण्यात गेली.

इथेच थांबणार होते. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "पण बाई, गाडीत माणसं बसल्यावर?"

काय प्रश्न होता हो! सहा माणसं, प्रत्येकी ६० किलो, म्हणजे ३६० किलोची भर. पुन्हा भागाकार. अॅम्बॅसेडर २९.२, पद्मिनी जवळजवळ ३१.४. आता फरक दिसायला लागला. आजी-आजोबांसकट सगळं घर घेऊन तुळजापूरचा घाट चढायचा असेल तर अॅम्बॅसेडर बरी. ती रुंदीलाही सुमारे २० सेंटिमीटर जास्त आहे. मुलांनी तेवढी पट्टी खडूनं फरशीवर आखली, तेव्हा मागे तिसरा माणूस कसा मावतो ते कळलं.

आणि मुंबईच्या गल्लीबोळात? तिथे आटोपशीर पद्मिनीच सोयीची. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती कित्येक दशकं धावली, शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. पण कोलकात्यात तेच टॅक्सीचं काम पिवळ्या अॅम्बॅसेडरनं केलं. एकच काम, दोन शहरं, दोन उत्तरं! माझ्या मते एक कारण अगदी साधं आहे. अॅम्बॅसेडर कोलकात्याजवळ उत्तरपाड्याला बनायची, पद्मिनी मुंबईत कुर्ल्याला. जवळच्या कारखान्याची गाडी, तिचे सुटे भाग आणि ती जाणणारे मेकॅनिक, हे कुठल्याच तक्त्यात येत नाही. (जाता जाता, पद्मिनी बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे जन्मानं सोलापूरचे, १८८२ चे. वालचंद कॉलेजवरून रोज जाणाऱ्या मुलांना हे माहीत नव्हतं.)

माझं मत स्पष्ट आहे. 'कशासाठी' हे न विचारता केलेली तुलना म्हणजे नुसती आकड्यांची नक्कल, तिला आपण गुण देऊ नयेत. पालकहो, घरीही करून बघा. दोन कुकर घ्या, दोन सायकली घ्या. आधी काम ठरवा, मग आकडे काढा.

एका बाबांनी विचारलं, "बाई, परीक्षेत मग कोणती गाडी लिहायची?" त्यांच्या मुलानं लिहिलं होतं, शाळेत सोडायला पद्मिनी, पंढरपूरला जायला अॅम्बॅसेडर. खाली दोन्ही भागाकार होते. मी पूर्ण गुण दिले.