शिकाऊ उमेदवार कोणाचा?

देशातील एक हजार शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा कायापालट करण्यासाठी ६० हजार कोटी रुपयांची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये मंजूर केली. त्यांपैकी १० हजार कोटी उद्योगांकडून यावयाचे आहेत आणि संस्थांच्या कारभारात उद्योगांचा पुढाकार राहावयाचा आहे. या सहकार्यास समाजवाद्यांनी तत्त्वतः विरोध करण्याचे कारण नाही. काठावर उभे राहून पोहणे शिकता येत नाही, कारखान्याचे दर्शन न घडलेला जोडारी किंवा कातारी (मुले फिटर, टर्नरच म्हणतात, पाटीवरची ही नावे पाटीवरच राहिली) प्रमाणपत्रापुरताच कारागीर असतो.

परंतु हा प्रयोग नवा नाही. २००७-०८ पासून १,३९६ शासकीय संस्था अशाच भागीदारीत आणण्यात आल्या. प्रत्येकीस अडीच कोटी रुपयांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळाले आणि व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षस्थानी उद्योगाचा प्रतिनिधी बसला. त्यानंतर अठरा वर्षांच्या आत पुन्हा कायापालटाची भाषा करावी लागते, याचा अर्थ दोष केवळ पैशाच्या तुटवड्यात नव्हता.

तो कोठे आहे, हे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात दिसते. या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. आरोग्य व सुरक्षिततेच्या तरतुदी सोडल्या तर कामगार कायदे त्यास लागू होत नाहीत. तो खरोखर शिकत असेल तर हे समजण्यासारखे आहे. पण तो पहिल्या आठवड्यापासून उत्पादनाच्या साखळीवर उभा राहून एकच नट वर्षभर आवळीत असेल तर? २०१९ च्या नियमांनी शिकाऊंची मर्यादा मनुष्यबळाच्या १५ टक्क्यांपर्यंत वाढविली आणि किमान विद्यावेतन शिक्षणानुसार ५ ते ९ हजार रुपये ठरविले. २०१६ च्या योजनेत तर त्यातील चौथा हिस्सा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, सरकारने उचलला. भविष्यनिर्वाह निधी नाही, कामावर ठेवण्याचे बंधन नाही. मालकाच्या दृष्टीने हा हिशेब इतका सोयीचा आहे की शिकविण्याचा मोह त्यास न झाल्यास नवल नाही. शिवाय मुलास उत्तम शिकवावे आणि शेजारच्या कारखान्याने चार पैसे जादा देऊन त्यास न्यावे, ही भीती असतेच. म्हणून प्रशिक्षणावर खर्च करण्याची इच्छा प्रत्येक मालकास कमीच असते. ही गोष्ट सद्भावनेने सुटत नाही. आणि २०१४ च्या दुरुस्तीने कायदा मोडणाऱ्या मालकाच्या कैदेची तरतूदही काढून टाकली. उरला तो दंड.

जर्मनीचा दाखला आपल्याकडे उठता-बसता दिला जातो. आठवड्याचे एक-दोन दिवस शाळा, उरलेले कारखान्यात, एवढेच त्यातून उचलले जाते. १९६९ च्या तेथील कायद्याचा गाभा निराळा आहे. परीक्षा मंडळात मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात, त्यांच्या जोडीस व्यवसाय शाळेचा शिक्षक असतो. काय शिकवावे हे ठरविताना कामगार संघटनेचा शब्द असतो आणि कारखान्यातील कामगार परिषद प्रशिक्षणावर लक्ष ठेवते. शिकविणारा एक आणि पारखणारा दुसरा, त्यामुळे नुसते राबवून घेणे कठीण जाते. तेथेही सर्वांनाच जागा मिळते असे नाही, विशेषतः कमी शिकलेल्या मुलांना. पण ज्यास मिळते तो कारागीर होऊन बाहेर पडतो.

नव्या योजनेच्या प्रत्येक व्यवस्थापन मंडळात म्हणूनच मान्यताप्राप्त कामगार संघटनेचा प्रतिनिधी मताच्या अधिकारासह असला पाहिजे. प्रत्येक शिकाऊ उमेदवाराची कामाची नोंदवही त्याच्याच ताब्यात हवी आणि ती संस्थेच्या निदेशकाने दरमहा तपासावी. त्याला कोणत्या यंत्रावर किती दिवस बसविले, हे तीत लिहिलेले असावे. ज्या कारखान्यात वर्षानुवर्षे शिकाऊ येतात आणि कोणी कायम होत नाही, त्याचे सरकारी अनुदान थांबवावे. पूर्वीच्या भागीदारीतील कर्जाच्या रकमेतून कोणती यंत्रे आली व त्यांवर किती मुले शिकली, याची माहिती आपापल्या तालुक्यातील संस्थेकडे माहिती अधिकारात मागण्यास कार्यकर्त्यांना कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.