थंडीचे पॅकेज आणि शेवटचे पान



गेल्या महिन्यात मंडळाच्या वाचनालयात एक जुने मित्र फाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसले. वय ६७, हृदयात स्टेंट, रक्तदाबाची गोळी रोजची. सुनेने वाढदिवसाची भेट म्हणून 'क्रायोथेरपी'चे बारा सत्रांचे पॅकेज आगाऊ पैसे भरून घेतले होते. बर्फाच्या टबात बसवणाऱ्या, उणे तापमानाच्या चेंबरमध्ये उभे करणाऱ्या, चेहऱ्यावर थंड वाफेचा फवारा मारणाऱ्या जागा आता आपल्या इंदूरसारख्या शहरांतही निघू लागल्या आहेत. मित्र म्हणाले, "तू जन्मभर लोकांचे फॉर्म वाचलेस. हा वाच आणि सही कुठे करायची तेवढे सांग."

वाचला. पहिले पान रंगीत. त्यावर पांढऱ्या केसांचे हसरे जोडपे आणि गुडघेदुखी, झोप, तजेलदार त्वचा यांची आश्वासने. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत यादी: उच्च रक्तदाब, हृदयविकार, पेसमेकर, रक्ताभिसरणाचे दोष असणाऱ्यांनी ही सेवा घेऊ नये, घेतल्यास जबाबदारी ग्राहकाची. म्हणजे पहिल्या पानावर ज्याचे चित्र छापले, त्यालाच शेवटच्या पानावर मज्जाव. साठी ओलांडलेल्या आपल्या सभासदांपैकी त्या यादीत न बसणारे किती निघतील, ते ज्याचे त्याने मोजावे.

थंडावा म्हणजे सगळे थोतांड, असे मला म्हणायचे नाही. संपूर्ण शरीराला थंडी देण्याची ही पद्धत १९७८ च्या सुमारास जपानमध्ये डॉ. तोशिमा यामाउची यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी सुरू केली. पुढे ती युरोपात गेली, तिथून खेळाडूंकडे आणि खेळाडूंकडून ब्युटी पार्लरच्या शेजारी. चेंबरमध्ये तापमान साधारण उणे ११० ते उणे १४० अंश असते आणि माणूस दोन ते चार मिनिटे आत राहतो. आकडा ऐकून छाती दडपते, पण आत असते ती कोरडी हवा. ओव्हनमधल्या तापलेल्या हवेत आपण क्षणभर हात घालू शकतो, उकळत्या पाण्यात बोट घालू शकत नाही. तसेच हे उलट्या बाजूने. पाणी हवेपेक्षा उष्णता पुष्कळ वेगाने ओढून घेते. म्हणून दहा-पंधरा अंशांचे साधे गार पाणी शरीराला जो दणका देते, त्याची बरोबरी करायला हवेला उणे शंभराच्या खाली जावे लागते. पैसे मात्र त्या उण्या आकड्याचे घेतले जातात.

आता पुरावा. कॉक्रेन ही संस्था जगभरच्या चाचण्या एकत्र करून तपासते. २०१५ साली तिने व्यायामानंतरच्या स्नायुदुखीवर या चेंबरचा उपयोग तपासला, तेव्हा हाती लागल्या चार छोट्या चाचण्या आणि एकूण ६४ माणसे. सरासरी वय २३, आणि चौघींचा अपवाद सोडला तर सगळे पुरुष. निष्कर्ष असा की उपयोग होतो असे म्हणण्याइतका पुरावा नाही, आणि त्रास होतो की नाही याचीही नीट नोंद नाही. तेवीस वर्षांच्या पोरांच्या तपासणीवरून सदुसष्ट वर्षांच्या माणसाला पॅकेज विकायचे, हे मला कोणत्याही ताळेबंदात बसवता येईना. गार पाण्यात बसण्याची बाजू थोडी बरी आहे. २०१२ च्या आढाव्यात १७ छोट्या चाचण्यांमधून स्नायुदुखी काहीशी कमी होते असे दिसले. त्यासाठी चेंबर लागत नाही.

गंमत म्हणजे १९७८ सालीच अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी मुरगळल्यावर विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणे हा चौकडीचा नियम रूढ केला. पुढे त्यांनीच जाहीर सांगितले की बर्फ वेदना कमी करतो, पण भरून येणे लांबवूही शकतो. मत बदलल्याचे कबूल करणारा तज्ज्ञ मला अधिक भरवशाचा वाटतो.

थंडीचे खरे वैद्यकीय उपयोगही आहेत, आणि ते डॉक्टरांच्या हातात आहेत. त्वचारोगतज्ज्ञ द्रवरूप नायट्रोजनने चामखीळ गोठवतात. केमोथेरपीत डोके थंड ठेवून केस गळणे कमी करता येते. जन्मताना प्राणवायू कमी पडलेल्या बाळांना ७२ तास थंड ठेवण्याचा उपचार श्रीमंत देशांत उपयोगी ठरला होता. तोच भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या रुग्णालयांत तपासला, तेव्हा २०२१ साली कळले की इथे त्याने फायदा झाला नाही, उलट मृत्यू वाढले. थंडी हे औषध मानायचे तर तिची मात्रा आणि रुग्ण दोन्ही पाहावे लागतात. चरबी गोठवून काढण्याच्या यंत्राचेही तसेच. क्वचित चरबी कमी होण्याऐवजी तिथे घट्ट गाठ वाढते. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हान्जेलिस्टा यांनी २०२१ साली आपल्या बाबतीत हे झाल्याचे स्वतःच जाहीर केले. चेहऱ्यावर बर्फ फिरवला की सूज उतरते, गाल लाल होतात, तासाभरात पूर्ववत होतात. तेवढी हौस स्वयंपाकघरात भागते.

धोक्याबद्दल स्पष्ट लिहितो. अंगावर एकदम थंडी आली की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. तरुणाला हा व्यायाम, स्टेंटवाल्याला ही परीक्षा. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना तर बर्फ लागतोय हेच कळत नाही, आणि कातडी भाजल्यासारखी होते. शिवाय काही चेंबर विजेवर चालतात, काही नायट्रोजनवर. एक लिटर द्रव नायट्रोजनचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद खोलीत तो प्राणवायूला बाहेर ढकलतो. एप्रिल २०२५ मध्ये पॅरिसच्या एका जिममध्ये अशाच चेंबरमधून वायू गळला असे समोर आले आणि तिथली कर्मचारी तरुणी दगावली. म्हणून आत जाण्याआधी यंत्र कशावर चालते आणि खोलीत प्राणवायू मोजणारा अलार्म आहे का, हे विचारायला संकोच करू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्येच सांगितले होते की रोग बरा करण्यासाठी असल्या एकाही चेंबरला त्यांनी मान्यता दिलेली नाही.

मी मात्र सगळ्यात जास्त वेळ पाहिले ते बिल. सवयच ती. पहिल्या पानावर 'थेरपी', बिलावर 'वेलनेस सेवा' आणि खाली जीएसटी. आपल्या कायद्यात मान्यताप्राप्त दवाखान्यातल्या उपचारसेवेला जीएसटीतून सूट आहे. सौंदर्य आणि शारीरिक स्वास्थ्याच्या सेवांना कर आहे. तोच २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. म्हणजे जाहिरातीत तो उपचार आणि कर भरताना सलूनची सेवा. सरकारला जे लेखी सांगितले ते मी खरे धरतो.

मित्राला म्हटले, आधी तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांना फॉर्मचे शेवटचे पान दाखवा. त्यांनी दाखवले आणि 'नको' हा एक शब्द लेखी घेऊन आले. सून हिरमुसली. तिचा हेतू चांगलाच होता. सासऱ्यांचे गुडघे सकाळी आखडतात हे तिने पाहिले, आणि पहिले पान सोडून पुढचे तिला कोणी दाखवलेच नव्हते. सध्या गुडघ्यांना गरम पाण्याची पिशवी आणि फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम चालू आहेत.

पैशांचे अजून मिटलेले नाही. सेंटर म्हणते, भरलेली रक्कम परत मिळत नाही, हवे तर पॅकेज घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करून देऊ. आमचे म्हणणे असे की जी सेवा ग्राहकाला देऊच नये असे तुमचाच फॉर्म सांगतो, तिचे पैसे प्रकृतीची चौकशी न करता घेतले कसे? अर्जाचा मसुदा मी करून दिला, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत जोडली आणि पोच घेतली. पंधरा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवायची, असे ठरले आहे. आज नववा दिवस.