जुन्या ट्रकला ताकद हवी? डिझेल पंप ‘वाढवण्याआधी’ हे वाचा

परभणी जिल्ह्यात ऊस-कापसाच्या वाहतुकीचा हंगाम जवळ आला, की जुन्या ट्रकच्या मालकांची मागणी ठरलेली असते: खर्च कमी, पिकअप जास्त. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे डिझेल पंप ‘वाढवून’ घेणे. पण १ किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे १४.५ किलो हवा लागते. हवा तेवढीच ठेवून डिझेल वाढवले, तर काळा धूर निघतो, पिस्टन तापतो आणि अ‍ॅव्हरेज घसरते. तरीही धुरालाच ताकद समजणारे कमी नाहीत.

मुळात बहुतेकदा ताकद वाढवायची नसते, गेलेली परत आणायची असते. टाटा १६१३ मधला ‘१३’ म्हणजे साधारण १३० हॉर्सपॉवर. लायनर झिजले, व्हॉल्व्ह गळू लागले, की कॉम्प्रेशन जाते आणि तेवढी ताकद उरत नाही. त्यामुळे हातात पैसे मोजकेच असतील, तर ते आधी लायनर-पिस्टन, व्हॉल्व्ह सीट, नोझल आणि पंपाच्या कॅलिब्रेशनवर घालावेत. टर्बो असेल तर हवेचे पाइपही तपासावेत. फाटक्या पाइपातून दाब निघून गेला, की चांगले इंजिनही चढावर दम टाकते.

दुसऱ्या गाडीचा मोठा टर्बो बसवला तर? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा फेरफार मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी प्रत्येक फेरफारामागे ५ हजार रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. शिवाय ८ वर्षांवरील ट्रकला फिटनेस दरवर्षी लागते.