आधारस्फटिकाची मुखत्यारी

अतिसंवाहकांचा इतिहास लिहिणारे ज्या उत्साहाने संक्रमण-तापमानाचे आकडे नोंदवतात, त्याच्या दशांशानेही ज्या चकतीवर त्या पदार्थाचा पापुद्रा चढवला जातो तिची दखल घेत नाहीत, आणि हा उघड अन्याय आहे. १९८७ च्या आरंभी ह्यूस्टन आणि अलाबामा येथील संशोधकांनी सिद्ध केलेले यट्रियम, बेरियम व तांबे यांचे ऑक्साइड ९० केल्विनच्या वर, म्हणजे ७७ केल्विनला उकळणाऱ्या नायट्रोजनलाही पुरून उरेल अशा तापमानात, विद्युत्‌रोध टाकून देते, ही वार्ता जगभर गाजली. परंतु त्याच ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या धगीत बसवू लागलो, की सारा कारभार खालच्या स्फटिकाच्या हाती जातो.

या पापुद्र्याच्या स्फटिकजालातील आडवी अंतरे ३.८२ आणि ३.८९ आंग्स्ट्रॉम, तर आधार म्हणून घेतल्या जाणाऱ्या स्ट्राँशियम टायटनेटचे ३.९०५, तेव्हा वरच्या अणूंनी खालच्यांचीच रांग धरावी हे ओघानेच आले. ही रांग मोडली तर काय होते, याचा निवाडा १९८८ च्या सुमारास आयबीएमच्या दिमॉस, चौधरी आणि मानहार्ट यांनी केला: एकमेकांशी कोन करून सांधलेल्या दोन स्फटिकांवर त्यांनी पापुद्रा वाढवला, आणि सांध्याचा कोन वाढत गेला तसा त्यातून वाहू शकणारा अतिप्रवाह झपाट्याने घटल्याचे दाखवून दिले. (पुढे हाच दोष ‘स्क्विड’ नामक अतिसंवेदनशील चुंबकमापकांसाठी मुद्दाम निर्माण करण्यात येऊ लागला, ही गोष्ट निराळी.)

मात्र जुळणी उत्तम म्हणून निवडही उत्तम, असे मानणाऱ्याची येथे फसगत होते. स्ट्राँशियम टायटनेटचा परावैद्युतांक सामान्य तापमानालाच ३०० च्या घरात असून थंडीत तो हजारोंवर जातो, त्यामुळे सूक्ष्मलहरींच्या गाळण्यांसाठी तो सपशेल नालायक ठरतो. लँथनम अल्युमिनेटचा अंक सुमारे २४, पण त्याला जुळ्या स्फटिकांची खोड. मॅग्नेशियम ऑक्साइडचा केवळ १० च्या आसपास, पण त्याचे जालांतर ४.२१ आंग्स्ट्रॉम असल्याने रांगेत तिरपेपणा शिरण्याची धास्ती. स्वस्त आणि मोठ्या आकारात मिळणारा नीलमणी सूक्ष्मलहरी जवळजवळ गिळतच नाही. तथापि त्यातील ॲल्युमिनियमची बेरियमशी रासायनिक प्रक्रिया होत असल्यामुळे मध्ये सिरियम ऑक्साइडचा थर घालण्याची तजवीज करावी लागते, आणि इतके करूनही, निवताना नीलमणी कमी व पापुद्रा अधिक आकसत असल्याने, थर जाड झाला की त्याला तडे जातात. सिलिकॉनवर तर हे गाऱ्हाणे अधिकच तीव्र.

माझ्या मते या विद्येतील सर्वांत मोठी करामत अनुरूप स्फटिक शोधणाऱ्यांची नसून, तो मुळी नसतानाही काम भागवणाऱ्यांची आहे. कित्येक मैल तार हवी असेल तर स्फटिकाची चकती काय कामाची? जपानच्या फुजिकुरा कंपनीतील संशोधकांनी १९९१ च्या सुमारास, स्वतःच्या कणांना कोणतीही एक दिशा नसलेल्या निकेल-मिश्रधातूच्या फितीवर आयनांचा तिरपा झोत टाकून झिर्कोनियाचा शिस्तबद्ध थर उभा केला; अमेरिकेतील ओक रिज येथे निकेलचीच पट्टी लाटून व तापवून तिच्या कणांना एक दिशा देण्यात आली. २०२१ मध्ये एमआयटीत २० टेस्लाचे क्षेत्र निर्माण करणारा जो चुंबक चालवून दाखवण्यात आला, तो अशाच जातीच्या फितींचा होता. अशा फितीत अतिसंवाहकाचा थर एक-दोन मायक्रॉनांचा असतो. त्याच्याखालचा धातू कित्येक पटींनी जाड.

— जिज्ञासू