डिग्री वाया गेली म्हणे!

इंजिनिअरिंग करून कुणी नाटक-सिनेमात गेला, की घरचे-दारचे एकच डायलॉग मारतात, "एक सीट फुकट घालवली!" हॉस्टेलवर मात्र उलटा प्रकार. दोन एकांकिका केल्या की चार विषयांची केटी असलेला गडीही "आपल्याला पॅशन फॉलो करायचंय" म्हणत लेक्चर बुडवतो. मला या दोन्ही पार्ट्या पटत नाहीत.

मामुट्टीचंच बघा. एर्नाकुलमच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा हा विद्यार्थी. १९७१ साली एका मल्याळम सिनेमात त्याला अगदी किरकोळ काम मिळालं, नामावलीत नावसुद्धा नाही. पण पठ्ठ्याने शिक्षण सोडलं नाही. एलएलबी पूर्ण केलं, मंजेरीला दोनेक वर्षं वकिली केली, आणि १९८० च्या 'विल्क्कानुंडु स्वप्नंगळ'पासून खऱ्या अर्थाने पडद्यावर आला. मधे गेली नऊ वर्षं! तेवढ्यात आपलं बी.ई. दोनदा होईल, तेही एखादा इयर डाऊन धरून.

पुढे अभिनयाची तीन राष्ट्रीय पारितोषिकं मिळाली: १९८९, १९९३ आणि १९९८. तिसरं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर'साठी. आता गंमत बघा. भूमिका बॅरिस्टरची, नट वकील, आणि दिग्दर्शक जब्बार पटेल शिक्षणाने डॉक्टर! सीट फुकट घालवण्याचा हिशोब लावायचा तर हा सिनेमा झालाच नसता.

कुणी म्हणेल, मामुट्टी एखादाच होतो. कबूल. वकिलीमुळे त्याचा अभिनय सुधारला असंही मी म्हणणार नाही. सरकारी सीटमागे लोकांचा पैसा असतो, हेही खरं. पण ती सीट म्हणजे जन्मठेप नव्हे. हातातलं काम नीट पूर्ण करून माणूस दुसरीकडे गेला, तर तो पळाला असं म्हणता येत नाही. अर्धवट टाकून गेला, तर त्याला पॅशनही म्हणता येत नाही.

तेव्हा मित्रांनो, आधी सबमिशन द्या, मग खुशाल तालमीला जा. आणि रेक्टर सर, सबमिशन दिलेल्यांसाठी तालमीच्या दिवसांत गेट अर्धा तास उशिरा बंद केलंत, तर फार उपकार होतील!